चार फोडी जास्त

मित्रांनो, मी एक जुनी चिनी मातीची बरणी आहे. वर तपकिरी, खाली पांढरी, काठाचा एक टवका उडालेला. घाटकोपरच्या दोन खोल्यांच्या घरात विमलाबाईंच्या ओट्याखाली मी एकेचाळीस वर्षं काढली. माझ्यात फक्त कैरीचं लोणचं. एकदा कुणीतरी चिंच भरायला निघालं, तर बाईंनी घर डोक्यावर घेतलं. मला तेव्हा फार बरं वाटलं.

दर वैशाखात लोणचं घालून बाई माझ्या तोंडाला दादरा बांधायच्या, म्हणजे जुन्या लुगड्याचा धुतलेला तुकडा. महिन्याभराने एका रविवारी दोन्ही मुलं यायची. मुलुंडहून देवदत्त, बोरिवलीहून अस्मिता. पोरंबाळं झालेली ही दोघं कोयीच्या फोडीवरून लहानांसारखी भांडायची. बाई बाटल्या भरायच्या आणि अस्मिताच्या कानात सांगायच्या, "तुला चार फोडी जास्त घातल्यात गं. दादाला बोलू नकोस." थोड्या वेळाने दादाच्या कानातही तेच. मला ठाऊक होतं, वाटण्या अगदी सारख्या असायच्या.

गेल्या वर्षी दादरा बांधला आणि बाराव्या दिवशी बाई गेल्या.

तेराव्याला पाहुणे गेल्यावर अस्मिता म्हणाली, "तिला आदल्या दिवशीच ॲडमिट करायला हवं होतंस, दादा."

"मग तू यायचंस ना! फोनवर सल्ले तू देणार, धावायचं मी."

ती रडली नाही, याचीच मला भीती वाटली. निघताना देवदत्तने माझ्याकडे बोट दाखवलं. "लोणचं तू ने."

"नको. तूच ने."

"मला नकोय."

दोघांनाही हवं होतं. आईच्या हातचं शेवटचं होतं ते. पण 'चल, दोघं मिळून भरू' एवढं कुणाच्या तोंडून निघेना. दाराला कुलूप लागलं.

लोणचं अधूनमधून हलवावं लागतं, वर तेल आहे ना ते बघावं लागतं. जिन्यात पावलं वाजली की मला वाटायचं, आली. कुणी आलं नाही. तेल खाली गेलं.

अकरा महिन्यांनी जागा विकायचं ठरलं, तेव्हा दोघं आली. अस्मिताने दादरा सोडला. आत बोटभर बुरशी.

तिने दादऱ्याची घडी घातली. मग ती हळूच म्हणाली, "आई मला चार फोडी जास्त द्यायची."

"मला पण."

अस्मिता हसायला गेली आणि तिला हुंदका फुटला. "ह्या वर्षी आपण..." देवदत्त म्हणाला. तेवढ्यात खाली टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. देवदत्त सामान उतरवायला गेला आणि ते वाक्य तिथेच राहिलं.

आता मी अस्मिताच्या बाल्कनीत रिकामी पडून आहे. कैऱ्या बाजारात आल्या आणि संपल्या. दादाने फोन केला नाही, तिनेही केला नाही. मला दोघांचाही राग येतो, आणि दोघांसाठी जीव तुटतो.

मित्रांनो, तुमच्या घरी अशी बांधून ठेवलेली बरणी असेल, तर आजच उघडा. भावाला, बहिणीला फोन करा. चार फोडी जास्त काढून ठेवल्यात म्हणून सांगा. खोटं असलं तरी सांगा.