पहिली सही

बॅलीकारा गावात कुठलाही कागद फिरायला लागला की त्यावरची पहिली सही डिम्पना कीव्हनीची असायची. त्यात तिचं काही मत असे, असं नाही. कोऱ्या कागदावर सही करायला माणसं बिचकतात. वर एखादं नाव दिसलं की हात सुटतो. गावात दुकान एकच, तेही तिचं, म्हणून ही रीत पडून गेली होती. शाळेचं गळकं छप्पर असो, बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या बोटीचं नवं इंजिन असो, कागद काउंटरवर यायचा, डिम्पना त्याच्याशेजारी दोरीला पेन बांधायची आणि पहिल्या ओळीत आपलं नाव टाकून मोकळी व्हायची.

म्हणूनच फेब्रुवारीत मॅलकी ट्युही कागद घेऊन आला तेव्हा ती हॅम कापत होती आणि तिने हात पुसून सही केली, इतकंच.

"कशाबद्दल रे?" तिने सही करता करता विचारलं.

"हार्बर हॉटेलबद्दल. सरकार आश्रय मागणारे आणखी ऐंशी पुरुष आणून ठेवणार आहे तिथे. गावाला विचारलंय का कुणी?"

"आपल्याला कधी विचारलंय त्यांनी?" असं म्हणून तिने पुन्हा सुरी उचलली.

मॅलकी आणि ती शाळेत एका वर्गातले. त्याचं गुरांच्या खाद्याचं गोदाम होतं आणि गावात काही करायचं तर पुढाकार त्याचाच. पंधरा दिवसांत कागदाला आणखी पानं जोडावी लागली. तीनशे अठ्ठ्याऐंशी सह्या झाल्या. एवढी माणसं तर गावात मतदानालाही बाहेर पडत नाहीत.

मे महिन्यात हॉटेलच्या दारावर सरकारी पत्र लागलं. आश्रय मागणाऱ्यांसाठी या हॉटेलचा वापर बंद करण्यात येत आहे. सध्या राहणाऱ्या एक्केचाळीस जणांना गुरुवारी सकाळी दहा वाजता हलवण्यात येईल. कुठे, ते बसमध्ये सांगण्यात येईल.

त्या एक्केचाळीस जणांत रुटेंडो होती.

रुटेंडो चिकवान्हा झिम्बाब्वेहून आलेली, अडतीस वर्षांची. चार वर्षं तिचा अर्ज कुठल्याशा टेबलावर पडून होता. दिवसा ती वृद्धाश्रमात काम करायची आणि दर बुधवारी चर्चच्या गायनात डिम्पनाच्या शेजारी उभी राहून गायची. डिम्पनाचा सूर वरच्या पट्टीत घसरला की ती कोपराने हलकेच ढोसायची. एकसष्टाव्या वर्षी नवी मैत्रीण मिळते, हे डिम्पनाला कुणी सांगितलं असतं तर तिने हसण्यावारी नेलं असतं.

पत्र वाचून डिम्पना तशीच दुकानात आली आणि तिने डब्लिनला सरकारी खात्याला फोन लावला. चाळीस मिनिटं गाणं ऐकल्यावर एक तरुण, गोड आवाज आला.

"बाई, आम्ही स्थानिक जनभावनेचा आदर केला आहे. तुमच्या गावाचं निवेदन अगदी स्पष्ट होतं."

"मग आता माझी भावना बदललीय. तिचाही करा की आदर."

"त्यासाठी नवीन निवेदन पाठवावं लागेल. बारा आठवड्यांत उत्तर मिळेल."

"अहो, बस गुरुवारी येतेय!"

"हो, बस आमच्या नोंदीत आहे," आवाज म्हणाला. तेही समाधानानं.

डिम्पनाने फोन आपटला. मग दार ओढून घेतलं आणि तडक मॅलकीच्या गोदामात गेली. तो पोत्यांमागे चहा पीत बसला होता.

"तुझ्याकडची प्रत काढ."

"अगं, बस तरी. मलाही वाईट वाटलंय. आपल्याला नको होते ते नवे ऐंशी. हे तर आपले आहेत."

"प्रत काढ, मॅलकी."

त्याने खणातून कागद काढून दिला. तिने तो तिथेच, उभ्याने, आयुष्यात पहिल्यांदा वाचला. त्यात ऐंशी हा आकडाच नव्हता. 'हार्बर हॉटेलचा निवारा म्हणून होणारा वापर तात्काळ व पूर्णपणे थांबवावा' एवढी एकच मागणी, आणि खाली तिचं नाव, ठसठशीत, गोलसर अक्षरात.

"नव्यांना आणू नका, असं का नाही लिहिलंस?"

"लिहिणार होतो. वकील म्हणाला, हे ठेवा आणि ते आणू नका असं म्हटलं तर भेदभाव केल्यासारखं दिसतं."

"म्हणून सगळ्यांनाच हाकललंत! आता कसं सरळ झालं!"

"माझ्यावर काय ओरडतेस?" मॅलकीनेही आवाज चढवला. "तू वाचलास? पहिली सही कुणाची आहे बघ. माझी आई तर करतच नव्हती. डिम्पनाची आहे म्हटल्यावर केली तिने. अर्ध्या गावाने तुझं नाव बघून केली!"

ती प्रत घेऊन ती बाहेर पडली. तिला राग आला होता आणि तो कुणावर काढायचा हे तिला कळत नव्हतं, म्हणून तो आणखी वाढत होता.

दुकानात मिसेस हॅनली पाय आपटत वाट बघत होत्या. "काय हे सरकार! आता आमच्या आईला आंघोळ कोण घालणार? रुटेंडोशिवाय दुसऱ्या कुणाला अंगाला हात लावू देत नाही ती."

"तुम्ही सही केलीत, मिसेस हॅनली."

"अगं, सगळ्यांनीच केली. तू पेन पुढे केल्यावर नाही कसं म्हणायचं माणसाने? आणि अर्धा डझन अंडी दे."

बुधवारी गायनाचा सराव संपल्यावर डिम्पनाने रुटेंडोला चर्चच्या भिंतीपाशी गाठलं. अजून चांगलं ऊन होतं. दोन दिवस मनात घोळवलेलं वाक्य तोंडाशी येऊन अडकलं. शेवटी ती एवढंच म्हणाली, "त्या कागदावर पहिली सही माझी आहे."

"माहीत आहे मला," रुटेंडो म्हणाली.

"माहीत आहे?"

"पंधरा दिवस तो तुमच्या काउंटरवर होता. मी रोज पाव घ्यायला येत होते. त्या कागदावरूनच पैसे सरकवत होते."

"मग बोलली का नाहीस गं?"

"काय बोलायचं होतं? मला वाटलं, तुम्ही वाचून सही केलीय. मला वाटलं, हिला मी इथे नकोय, पण ही माझ्याशी चांगली वागते. तुमच्याकडे असं असतं. सवय होते त्याची."

"मी वाचलंच नव्हतं! देवाशपथ."

रुटेंडोचा आवाज पहिल्यांदाच चढला. "हे जास्त चांगलं झालं असं वाटतं का तुम्हाला? वाचून केली असती तर निदान मी तुमच्याशी भांडले असते. आणि ती हॅनलीबाई काल माझा हात धरून रडली. माझ्यासाठी नाही. आईच्या आंघोळीसाठी! मी तुमच्या आयांना न्हाऊ घालत नसते तर? मग मी जायला हरकत नव्हती ना तुमची?"

रुटेंडो निघून गेली.

गुरुवारी साडेनऊलाच हॉटेलसमोर निम्मं गाव जमलं. आणि रिकाम्या हातांनी कुणी आलं नव्हतं. कुणी सफरचंदाची टार्ट आणली होती, कुणी मनुकांचा पाव, सगळं चकचकीत कागदात नीट गुंडाळलेलं. मॅलकी लोकांच्या बॅगा बसच्या पोटात चढवत होता, घामाघूम होऊन. बायका डोळे पुसत होत्या. मिसेस हॅनली प्रत्येकाला मिठी मारत होत्या.

ते रडणं बघून डिम्पनाच्या डोक्यात तिडीक गेली. ती हॉटेलच्या पायरीवर चढली, तिने कोटाच्या खिशातून ती प्रत काढली आणि मोठ्याने वाचायला लागली.

"डिम्पना कीव्हनी, मुख्य रस्ता. ही मी. मॅलकी ट्युही, गोदाम."

काही जण हसले. त्यांना वाटलं, ही निरोपाचं भाषण करतेय.

"ब्रिजेट ट्युही. नोरीन हॅनली."

"अगं डिम्पना!" मिसेस हॅनली टार्ट सावरत म्हणाल्या. "आज नको गं हे."

"मग कधी? बस गेल्यावर? कोलम्बा रॅफ्टरी. पीडर रॅफ्टरी."

"पुरे!" मॅलकी बॅग टाकून पुढे आला. "वेड लागलंय का तुला? निरोप तरी धड देऊ दे."

रुटेंडो बसमध्ये चढत होती. ती पायरीवरून खाली उतरली. "थांबू नका," ती म्हणाली. "वाचा. सगळी वाचा. मला ऐकायची आहेत."

"मला वेळेवर निघावं लागेल," ड्रायव्हर म्हणाला.

"मी चार वर्षं थांबले. तुम्हाला थोडं थांबता येईल."

ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

डिम्पना वाचत गेली. ज्याचं नाव येई त्याची मान खाली जाई. मागचे एकेक जण हळूच सटकायला लागले. एकाने जाता जाता टार्ट भिंतीवर ठेवली, कुणाला द्यावी ते न कळल्यासारखी. खिडक्यांना चाळीस चेहरे लागले होते आणि त्यातलं कुणीही हात हलवत नव्हतं. शंभराच्या आसपास डिम्पनाचा घसा बसला. तेव्हा रुटेंडोने तिच्या हातातून कागद घेतला आणि स्वतः वाचू लागली. एकही नाव तिने चुकीचं उच्चारलं नाही.

दोनशेच्या पुढे ड्रायव्हर हळूच म्हणाला, "बाई, आता खरंच." रुटेंडोने कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

"तो कशाला नेतेस?" डिम्पनाने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"पुढच्या गावात विचारतील, तिथून तुम्हाला का काढलं म्हणून. मला काहीतरी दाखवावं लागेल."

तिने मिठी मारली नाही. बस वळणावरून दिसेनाशी झाली, तेव्हा हॉटेलसमोर जेमतेम दहा-बारा माणसं उरली होती.

"झालं समाधान?" मॅलकीने विचारलं.

"नाही," डिम्पना म्हणाली. "तुझं झालं?"