भावोजींची दाढ आणि तीनशे सोळा

आमच्या भावोजींच्या खिशात कायम एक चुंबक असे. कारखान्यात पोलाद आलं की ते आधी चुंबक लावत. चिकटला तर माल भेसळीचा, नाही चिकटला तर अस्सल स्टेनलेस. भांडी विकत घेताना एवढं ज्ञान पुरतं. भावोजींनी त्यावर अख्खी भट्टी चालवली होती, आणि मी, त्यांचा मेहुणा, धातुशास्त्र शिकून त्यांच्याच पदरी पडलो होतो.

आजवर आम्ही दारांच्या कड्या आणि बिजागऱ्या घडवत होतो. त्यात काहीही खपून जाई. मग एका दंतवैद्यानं दात काढायची पक्कड घडवून मागितली. नमुना पसंत पडला तर त्याच्या सगळ्या दवाखान्यांचं काम आम्हाला मिळणार होतं. नाही पडला तर भट्टी विकायची, असं ताईनं नवऱ्याला बजावलं होतं.

"चारशे वीस नंबरचं पोलाद घ्या," मी म्हणालो. "तापवून विझवलं की कडक होतं. पकडीच्या चोचीला तेच लागतं."

भावोजींनी त्या पोलादाच्या तुकड्याला चुंबक लावला. तो चिकटला.

"हे तू पेशंटच्या तोंडात घालणार?"

"पेशंटच्या तोंडात चुंबक नसतो, भावोजी."

"शहाणपणा नको. तीनशे सोळा आण. खाऱ्या पाण्यातसुद्धा गंजत नाही ते."

"पण मऊ राहतं. कितीही तापवून विझवा, कडक होत नाही."

"महाग आहे की नाही?"

"आहे."

"मग?"

या 'मग'पुढे ब्रह्मदेवाचीही मात्रा चालली नसती. तीनशे सोळाची पक्कड घडली. दिसायला इतकी देखणी की भावोजी तिच्यात बघून केस सारखे करत. नाव मोठं, लक्षण खोटं.

दवाखान्यात पोचल्यावर त्यांना आणखी चेव आला. त्यांची एक दाढ कधीचीच किडली होती. "चाचणी माझ्याच दाढेवर घ्या," ते खुर्चीत चढून बसत म्हणाले.

"भावोजी, चोच फाकेल," मी म्हणालो. त्यांनी हात उडवला. मी सोबत आलेल्या ताईला म्हटलं, "तू तरी सांग."

"लग्नापासून सांगतेय," ती म्हणाली आणि बाकावर बसली.

डॉक्टरांनी हिरडी बधिर केली, दाढ धरली आणि मनगटाला पीळ दिला. दाढ जागची हलली नाही. पक्कड मात्र सटकून समोरच्या दातांवर आपटली. डॉक्टरांनी ती दिव्याखाली धरली. तिच्या दोन्ही चोची रुसलेल्या जावांसारख्या एकमेकींकडे पाठ करून उभ्या होत्या.

शेवटी त्यांनी स्वतःची जुनी पक्कड काढली आणि दाढ उपटली. भावोजींच्या तोंडात कापसाचा बोळा बसला.

"ही नापास," डॉक्टर म्हणाले. "शेजारची किडलेली दाढही काढावी लागेल, पुढच्या आठवड्यात. तेव्हा चांगली पक्कड आणलीत तर बघू. नाहीतर मी दुसरीकडे विचारतो."

"आणू," ताई म्हणाली. "पोलाद कुठलं घ्यायचं ते माझा भाऊ ठरवेल."

भावोजी बोळ्याआडून काहीतरी म्हणू लागले.

"तोंड उघडू नका, रक्त येईल," ताई त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मायेनं म्हणाली. खोटं कशाला सांगू, मला मनापासून आनंद झाला.

पुढचा आठवडाभर भावोजी भट्टीशेजारी खुर्ची टाकून बसले. चारशे विसाची पक्कड तापली, विझली, पुन्हा बेताची तापवून झाली. मी चोचीवर कानस फिरवून दाखवली. ती नुसती घसरत गेली.

"झाली कडक?"

"झाली."

त्यांनी सुजलेल्या गालावर हात ठेवला. "अजून थोडी करता येईल का रे?"

"अजून केली तर दाढेतच तुटेल."

भावोजींनी घाईघाईनं हात हलवला.

"नको मग," ते म्हणाले. "तू म्हणशील तसं."