जयराजच्या पंपाचं पेट्रोल

इंजिनं मी पुष्कळ उघडली, पण राजकारणानं फुटलेलं इंजिन एकदाच पाहिलं. इस्लामपुरात माझं गॅरेज आहे. पुण्यात सहा वर्षं परदेशी गाड्यांखाली पाठ टेकून काम शिकलो आणि गावी परत आलो, ट्रॅक्टरचे क्लच बदलायला. म्हणून वीरधवलनं पुण्याहून ती जुनी जर्मन टर्बो गाडी आणली तेव्हा त्याच्यापेक्षा मलाच जास्त आनंद झाला.

वीरधवल हा लालासाहेब आबांचा धाकटा. आबा साखर कारखान्याचे संचालक, सलग तीन वेळा. आधीच्या मालकानं गाडी अजून पळावी म्हणून ट्यून करून घेतली होती आणि पेट्रोलच्या झाकणाआत इमानदारीत चिठ्ठी चिकटवली होती: ऑक्टेन किमान सत्त्याण्णव. गाडीच्या पूजेला वीरधवलच्या आईनं, हरणाबाई काकूंनी, नेमकं त्या चिठ्ठीवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं. वाचायला काही उरलं नाही. तसं वाचणारं तरी कोण होतं त्या घरात!

मी बापलेकांना समोर बसवून समजावलं. टर्बो इंजिनात हवा दाबून भरतात. कमी ऑक्टेनचं साधं पेट्रोल त्या दाबात आपलं आपण, नको तेव्हा पेटतं आणि दर वेळी पिस्टनवर घाव बसतो.

"मग भारीतलं घालूया की," वीरधवल म्हणाला.

घालायचं कुठून? आमच्या भागात ते एकाच पंपावर मिळतं, आष्टा रस्त्याला, आणि पंप जयराजचा. जयराज म्हणजे आबांच्या विरोधी पॅनेलचा म्होरक्या. आमच्याकडे माणूस कोणत्या गटाचा हे तो कोणत्या पंपावर उभा राहतो त्यावरून ठरतं. आबांची माणसं कारखान्याच्या पंपावर, जयराजची जयराजकडे. चुकून उलटं झालं तर संध्याकाळपर्यंत घरी चौकशीला माणसं हजर.

सुरुवातीला वीरधवल कराडला जाऊन टाकी भरून आणायचा. आबांच्या कानावर गेलं.

"संचालकाच्या पोराला पेट्रोल भराय सातारा जिल्ह्यात जावं लागतंय? लोक तोंडात शेण घालतील. आपल्या पंपावरच्या पेट्रोलात आपल्याच मळीचं इथेनॉल हाय. ते बाधतंय व्हय इंजिनाला?"

"आवं आबा, मी गपचूप कॅनमधनं आणतो जयराजकडनं," मी म्हणालो. "मला कोण इचारतंय?"

"त्याच्या पंपाचा थेंब माज्या टाकीत नको."

ठराव मंजूर झाला. इंजिनाचं मत घ्यायची पद्धत आमच्याकडे नाही.

महिन्याभरात गाडी बोलायला लागली. जोर लावला की पत्र्याच्या डब्यात फुटाणे हलवावेत तसा आवाज. आबा खूश. "ताकदीचा आवाज हाय गड्या!" डॅशबोर्डवर इंजिनाचं पिवळं चित्र लागलं, त्यावर वीरधवलनं पॅनेलच्या चिन्हाचं स्टिकर लावलं. मी हात टेकले. निदान हळू चालव, एवढंच सांगितलं. त्यानं मान हलवली आणि तिथून निघताना धुरळा उडवला.

मग कारखान्याच्या निवडणुकीचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस आला. सांगलीत, दुपारी तीनच्या आत. आदल्या दिवशी जयराज पंचवीस गाड्या घेऊन गेला होता, म्हणून आबांना एकच न्यायची होती, पण पंचवीस गाड्यांच्या आवाजाची. आपली सगळी माणसं त्यांनी सकाळीच सांगलीला पाठवून दिली. खरं सांगतो, मी कितीही चेष्टा केली तरी मला त्यांची काळजी वाटायची. ते पद गेलं तर सकाळी अंघोळ करून, टोपी घालून कुठं जायचं, हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं.

मला मागे बसवलं होतं, सोबतीला डॉक्टर म्हणून. टळटळीत ऊन, एसी फुल, रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. वीरधवल एकेक ट्रॉली पाय दाबून मागे टाकत होता.

"पाय काढ, वीरधवल!"

"अर्ज भरायचाय रं!"

सातव्या ट्रॉलीला ठण्ण आवाज झाला, मागे निळा धूर सुटला आणि इंजिन कायमचं गप्प झालं. पुढे उतार होता. गाडी घरंगळत गेली आणि जिथं थांबली तिथं जयराजचा पंप होता. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. सांगलीहून गाडी बोलावून परत जायचं तर तीन वाजून जाणार होते.

जयराज स्वतः बाहेर आला, हात जोडून.

"या आबा, लय दिवसांनी आलासा. चहा सांगू का? न्हाई तर असं करा, माजी गाडी न्या. अर्ज राहायला नको तुमचा."

त्याच्या गाडीच्या बॉनेटवर त्याचाच हसरा फोटो होता. आबांनी घड्याळ पाहिलं, रस्ता पाहिला आणि ते त्या गाडीत जाऊन बसले, मागोमाग आम्हीही. मला फार वाईट वाटलं.

सांगलीत कचेरीबाहेर हलगी वाजत होती. जयराजचा फोटो गर्दीत शिरला तशी हलगी थांबली. दार उघडून आबा उतरले. त्यांच्या अर्जावर सूचक म्हणून जोतीराम अण्णांची सही व्हायची होती. अण्णा पंधरा वर्षं आबांच्या शेजारी बसलेला माणूस.

"गाडी जयराजच्या पंपाम्होरं बंद पडली रं जोतीराम," आबा म्हणाले.

"पडली असंल की. पण नेमकी जयराजच्या दारात?"

"इंजिन फुटलं, इचार ह्या अजीमला!"

मी सांगायला लागलो: टर्बो, दाब, ऑक्टेन. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं, पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात टाकलं. आबा दुसऱ्या सभासदांकडे वळले. एकेकाला अचानक फोन यायला लागले.

तीन वाजले. कचेरीचं दार लागलं. आबा पायरीवर बसले, मांडीवर कोरा रकाना असलेला अर्ज घेऊन. अर्जाची घडी घालून त्यांनी विचारलं,

"अजीम, तू कॅनमधनं आणतो म्हणाला हुतास न्हवं?"

"व्हय, आबा."

"कुणाला कळलं असतं का रं?"

"कुणालाच न्हाई, आबा."