घामाचा कर

"ह्यावर अख्ख्या झाशीत कोणी विश्वास ठेवणार नाही," असं म्हणत दीनानाथकाकांनी पालथ्या बादलीवर बैठक मारली आणि हनुवटीनं समोरच्या बंगल्याकडे खूण केली. "पण ह्या राजेसाहेबांच्या खापरपणजोबांनी रयतेच्या घामावर कर बसवला होता."

स्नेहलताबाई हसल्या नाहीत. घरी लेक ओली बाळंतीण, नळ कोरडा, आणि गल्लीसाठी आलेल्या टँकरचा पाइप राजेसाहेबांच्या कुंपणातून आत गेलेला. राज्य जाऊन जमाना लोटला, तरी पाणी आधी त्यांच्या हिरवळीला. उरलं तर माणसांना.

"घाम घेऊन करायचा काय?" रांगेतल्या हृषीकेशनं विचारलं.

"खसाचे, म्हणजे वाळ्याचे पडदे भिजवायला. विहिरी आटलेल्या ना. घरटी रोज एक तांब्या. ज्याला घाम येईना त्याला भर उन्हात पळवायचे. आमचे खापरपणजोबा इतके घामट, की सगळ्या आळीचा कर एकटे भरायचे."

"आणि लोक देत होते?"

"देत होते, भैया. त्याआधी सावलीचा कर दिलाच होता. वेठबिगार केली, पोरं उपाशी निजवली. अंगवळणी पडतं सगळं."

तेवढ्यात फाटकावरचा माणूस बाहेर आला. "बहनजी, लाइन जरा पीछे लीजिए. अंदर मेहमान बैठे हैं, बू आ रही है."

रांग मुकाट मागे सरकली. स्नेहलताबाईही सरकल्या. आपलेच पाय आपल्याला न विचारता सरकले, ह्या संतापानं त्यांची कानशिलं तापली. अंगावर चार दिवस पाणी नाही, ते कुणामुळे?

काका मात्र रंगात आलेले. "तर एके दिवशी राजा सज्जात आला. खाली तांबे घेऊन रयत उभी. त्यानं नाकाला रुमाल लावला. म्हणाला, ह्यांची घाण येते. बस्स. कर सोसला, भूक सोसली, ते सोसवेना. आमच्या खापरपणजोबांनी पहिला तांब्या भिरकावला आणि दहा हजार माणूस आत घुसलं. संध्याकाळपर्यंत राजा नाही, वाडा नाही, वंशाला दिवासुद्धा उरला नाही."

स्नेहलताबाईंनी पदर खोचला. सरळ कुंपणापाशी जाऊन दोन्ही हातांनी पाइप ओढून बाहेर काढला. पाणी रस्त्यावर, फाटकवाल्याच्या बुटांवर, रांगेच्या पायांवर.

"खोटं बोलताय, काका," त्या बंगल्यात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "वंश उरला नाही, तर हा पाइप कुणाच्या बागेत होता? तेव्हा कोणी आत घुसलं नव्हतं. सगळे मागे सरकले होते."