खोडलेला चार

खोटं कशाला बोलू, मी भित्रा माणूस आहे. गुणाजीला कामावरून काढलं तेव्हा ते मला नीट कळलं.

साल शहाऐंशी. अंधेरीच्या एमआयडीसीत आमचा स्टोव्हचा कारखाना. नवीन स्टोव्ह तयार करायचं खातं माझ्याकडे होतं आणि चाचण्या गुणाजी घ्यायचा. आमच्याच गावचा, घाटकोपरला आमच्याच चाळीत राहणारा. गिरणीच्या संपात घरी बसला होता, मीच त्याला इथे चिकटवला.

चाचणीआधी मला रिस्कचा फॉर्म भरावा लागे. धोका किती, एक ते पाच. आकडा तीनच्या वर गेला की टाकीभोवती लोखंडी जाळी लावायची आणि प्रकरण कमिटीपुढे न्यायचं. कमिटी म्हणजे दोन महिने गेलेच. म्हणून आमच्याकडे सगळे आधी पेन्सिलीने खरा आकडा लिहीत, मोठ्या साहेबांचा चेहरा बघत आणि मग पेनाने सोयीचा लिहीत. मी काही वेगळा नव्हतो.

"वायसर फुगता हा, साहेबानू," गुणाजीने मला सांगितलं होतं. दहातल्या तीन टाक्यांच्या व्हॉल्व्हचे वॉशर फुगले होते. मी पेन्सिलीने चार लिहिला.

तेवढ्यात मोठे साहेब आले. "परब, दिवाळीला स्टोव्ह बाजारात ना?"

मी चार रबराने खोडला आणि पेनाने एक लिहिला. वरची प्रत ऑफिसात गेली, कार्बनची गुणाजीकडे. कार्बनवरचं खोडलं जात नाही, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही.

दुपारी तो कागद घेऊन आला. "चार की एक?"

"एक रे. जाळी लावत बसलास तर दिवस जाईल," मी खेकसलो. तो गेला.

अकराव्या टाकीचा व्हॉल्व्ह उडाला. गुणाजीचा उजवा डोळा गेला.

महिन्याने चौकशी झाली. साहेबांनी मला विचारलं, आधीच्या चाचण्यांत काही दिसलं होतं का? मी नाही म्हणालो. जीभ अडखळली पण नाही बघा. मग त्यांनी गुणाजीला तेच विचारलं. पट्टी बांधलेला गुणाजी माझ्याकडे बघत राहिला. माझी तर वाट लागली.

"नाय," तो म्हणाला. "पंप माझ्याच हातान जास्त मारलो गेलो."

निष्काळजीपणाबद्दल त्याला काढलं. मी तिथेच बसलो होतो.

रविवारी त्याच्या खोलीवर गेलो. त्याच्या बायकोने, शेवंतीवहिनींनी, माझ्याकडे पाठ करून चहाचं आधण ठेवलं. गुणाजीने ट्रंकेतून कागद काढून माझ्या हातात दिला. कार्बनची प्रत. निळा चार आणि त्याच्यावरच गिरवलेला एक, दोन्ही स्वच्छ दिसत होते.

"ह्यो तुमच्याकडे ठेवा. चौकशीक ह्यो न्हेललंय मी. माझ्या खिशातच होतो."

"मग दाखवला का नाहीस?"

"तुमच्या पोरीचा, प्रेमाचा, लगीन ठरलाहा ना. तुमची नोकरी गेली असती." त्याने ट्रंक बंद केली. "आणि माका वाटला, तुम्हीच सांगशात."

मी कागद घडी करून खिशात घातला. खरं सांगतो, लाज वाटायच्या आधी मला हायसं वाटलं. चार लिहिल्याचा पुरावा आता माझ्याच खिशात होता, दुसऱ्या कुणाकडे नाही. समोरच्या माणसाचा डोळा गेलेला, नोकरी गेलेली, आणि मला हायसं वाटलं. मग वहिनींनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि मी तो प्यायलो.