कोंबड्यांचा कौल

प्राचीन रोमचा इतिहास शिकवता शिकवता सरांचे केस पांढरे झाले. त्यातही त्यांचा खास विषय होता रोमच्या पवित्र कोंबड्या. लढाईआधी रोमन लोक कोंबड्यांपुढे दाणे टाकत. त्यांनी टिपले तर देवांचा होकार, तोंड फिरवलं तर नकार. एवढ्याशा गोष्टीवर सरांनी जाडजूड ग्रंथ लिहिला होता. बायको म्हणायची, "अंड्यांवर अजून काही लिहिलं नाहीत, हे नशीब."

विद्यार्थी घटत घटत एकच उरला, तोही वर्ग चुकून आलेला. तेव्हा कुलगुरूंनी विभाग बंद करायची भाषा काढली. सर बैठकीत चिडून बोलून गेले, "रोमन लोकांनी असा निर्णय कोंबड्यांना विचारल्याशिवाय घेतला नसता."

कुलगुरूंचे डोळे चमकले. निर्णय म्हटला की ते बिचारे फाईल पुढच्या महिन्यावर ढकलायचे. घेतला तर शिव्या, नाही घेतला तर मोर्चा. कोंबड्यांना कोण शिव्या देणार?

आठवड्याभरात विभागाच्या वाचनालयात पिंजरा आला. एक तांबडी, एक पांढरी. गाड्या कुठे लावायच्या, परीक्षा कधी घ्यायची, बढती कुणाला, सगळे कौल तिथेच लागू लागले. जन्मात सरांकडे न बघणारे प्राध्यापक दारात घुटमळायचे. "सर, तांबडीचा मूड कसा आहे आज?" पदार्थविज्ञानाचे प्रमुख तर सरांची खुर्ची रुमालाने पुसून द्यायचे.

विद्यापीठाच्या हिशेबनिसाच्या डोळ्यांत मात्र हे सगळं खुपत होतं. तो म्हणाला, "ज्या विभागात विद्यार्थ्यांपेक्षा कोंबड्या जास्त, तो ठेवायचा कशाला? विचारा की त्यांनाच." कुलगुरूंनी लगेच दिवस ठरवला, आणि प्रश्नही: विभाग बंद करावा का?

सरांनी डोकं लढवलं. होकार हवा असेल तर कोंबड्या उपाशी ठेवायच्या, या रोमन लबाडीवर त्यांनी अख्खं प्रकरण लिहिलं होतं. त्यांना तर नकार हवा होता. त्या दिवशी सकाळी त्यांनी पिशवीभर दाणे बांधून घेतले.

"अहो, फुटतील त्या," बायको म्हणाली.

"तू मला शिकवू नकोस. माझा विषय आहे."

बैठकीत हिशेबनिसाने विचारलं, "विभाग बंद करावा का?" आणि दाणे टाकले. जेवून आलेल्या पाहुण्याने वाढणाऱ्याकडे बघावं, तसं तांबडीने बघितलं. पांढरी तर दाण्यांवरच बसली.

"नकार," कुलगुरू म्हणाले. सरांच्या जिवात जीव आला.

"आता दुसरा प्रश्न," हिशेबनीस म्हणाला. "सरांचं निवृत्तीचं वय झालंय. त्यांना मुदतवाढ द्यावी का?"

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. "लगेच? अहो, मध्ये थोडी उसंत..."

"तशी अट तुमच्या ग्रंथात कुठे नाही. मी वाचलाय."

ग्रंथ वाचलेला माणूस सरांना आयुष्यात पहिल्यांदा भेटत होता, आणि भेटला तो असा. सर पिंजऱ्याशी गुडघ्यांवर बसले. तळहातावर दाणा धरून कुजबुजले, "खा गं बाई, एकच खा." तांबडीने ढेकर दिल्यासारखा आवाज काढला आणि डोळे मिटले.

"नकार," कुलगुरू पुटपुटले. "वाईट वाटून घेऊ नका, सर. विभाग तर राहिला."

"पण विभागात राहिलं कोण?"

"कोंबड्या आहेत की."

यांची पोटं मी सकाळीच भरलीत, हे सरांच्या अगदी ओठांवर आलं. पण ते बोलले असते तर पहिला कौलही खोटा ठरला असता, आणि मग विभागही गेला असता. त्यांनी शब्द गिळला. गुडघे झाडले, चष्मा सावरला आणि दाराशी थांबून एवढंच म्हणाले, "आज त्यांना आणखी काही घालू नका. पाणी तेवढं ठेवा."