निरोगी गटातल्या दोघी

हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी काही घराण्यांत गुपचूप फुगत जाते आणि एक दिवस फुटते. अशा रुग्णांच्या जनुकांचा डेटाबेस सर उभारत होते. रुग्ण पुष्कळ मिळाले; वानवा होती ती निरोगी माणसांची. तुलनेला तीही लागतात, आणि धडधाकट माणूस रक्त द्यायला सहसा फिरकत नाही. मग सरांनी प्रयोगशाळेतल्या लोकांनाच वेठीला धरलं. तिथं काम करणाऱ्या ताईनं स्वतःचा दंड पुढे केला, वर धाकट्या बहिणीलाही ओढून आणलं. या गटात एकमेकांचे नातेवाईक चालत नाहीत हे तिला ठाऊक होतं. सरांनाही होतं. पण सरांना आकडा हवा होता.

नळ्यांवर नाव नाही, वय नाही, नुसते क्रमांक. सोमवारी संगणकानं निरोगी गटातले दोन नमुने शेजारी आणून ठेवले: सख्ख्या बहिणी. साऱ्या गटात बहिणी अशा या दोघीच. पकडलं बेट्यानं, म्हणून ताईला हसू आलं. मग तिनं खालची ओळ वाचली. दोघींपैकी एकीत त्या रुग्णांच्या जनुकांतला तोच बिघाड होता.

धाकटीला पाचवा महिना होता, आणि अशा बाईचं बाळंतपण म्हणजे जिवाशी गाठ.

"एकीला काढून टाका," सर म्हणाले. "नियमच आहे."

"कुठल्या एकीला?"

"आलेख बिघडवतेय तिला. दुसरी चांगली आहे, राहू द्या."

"सर, त्यातली एक मी आहे."

सरांनी चष्मा पुसला. "मग नातेवाईक कशाला आणलेत तुम्ही?"

संध्याकाळी ताई धाकटीकडे गेली आणि उगाच हसत बसली.

"ताई, सरळ सांग. जाहिरातीतल्या बाईसारखी हसतेयस."

ताईनं सांगितलं. धाकटी हातातला टॉवेल घडी करत राहिली, मोडत राहिली.

"निरोगी म्हणून बिस्किटाचा पुडा दिला होता त्यांनी," ती अखेर म्हणाली. "परत हवाय का विचार."

"उद्या दोघींची सोनोग्राफी करू. छातीची."

"आधी तू. मोठी आहेस."

दुसऱ्या दिवशी ताई गार जेल लावून आडवी झाली. आपला रिपोर्ट वाईट यावा, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं. तेही पुरतं मनापासून वाटत नव्हतं, याची लाज वेगळीच. डॉक्टरीणबाई पडद्याकडे वाकल्या.

"घाबरू नका. रक्तवाहिनी थोडी रुंदावलीय. वेळेत कळलं, औषधं आहेत."

"नक्की ना?"

"नक्की."

"परत मोजता?"

बाईंनी चमत्कारिक नजरेनं पाहिलं आणि परत मोजलं. तेवढंच आलं. ताईनं मोठा श्वास सोडला. मग पलंगाची कड घट्ट धरली.

बाहेर धाकटी नखं खात उभी होती.

"मीच," ताई म्हणाली.

धाकटीचे डोळे भरून आले.

"अगं, तू सुटलीस."

"म्हणूनच," धाकटी म्हणाली आणि ताईची पर्स स्वतःच्या खांद्यावर घेतली. "चल, जिना सावकाश उतर."